अनुदान खरं होतं, कागद दुसराच होता

कॅनडा सरकारचा माणूस कुणाच्या घराच्या खिडक्या मोजायला दारावर येत नाही. गळ्यात ओळखपत्र असो, हातात टॅबलेट असो, शर्टावर मेपलचं पान असो, तो विक्रेताच असतो. 2022 साली माझ्या मावशीला आणि काकांना एवढं जरी कुणी सांगितलं असतं, तरी पुढचं रामायण टळलं असतं. दोघं कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ब्रॅम्प्टनला राहतात, काका निवृत्त आहेत. त्यांना विचारूनच लिहितेय. नावं आणि कंपनी गाळली आहे, पण आकडे कागदावरचेच आहेत.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की योजना खोटी नव्हती. खोटी असती तर काका फसले नसते, कारण ते लॉटरी लागल्याचे फोन रोज कापतात. कॅनडा ग्रीनर होम्स ग्रँट ही फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची अनुदान योजना मे 2021 मध्ये सुरू झाली होती. घराची ऊर्जागळती कमी करण्यासाठी घरमालकाला जास्तीत जास्त 5,000 डॉलर मिळत. बातम्यांत तिची चर्चा होती, आणि काकांनी ती वाचलीही होती. दारावरच्या मुलाने ‘पाच हजार’ म्हटल्यावर काकांना वाटलं, हा बरोबर बोलतोय.

पण ते 5,000 म्हणजे सगळ्या कामांची मिळून कमाल मर्यादा होती. इन्सुलेशन, हीट पंप, सोलर, सगळं त्यात आलं. खिडक्या-दारांचा हिशेब निराळा. ‘एनर्जी स्टार’ म्हणजे कमी ऊर्जा लागणाऱ्या वस्तूंवरचा अधिकृत शिक्का. तो असलेल्या साध्या खिडकीला भिंतीतल्या प्रत्येक उघडणीमागे 125 डॉलर, आणि खिडकी अगदी वरच्या दर्जाची, म्हणजे ‘एनर्जी स्टार मोस्ट एफिशियंट’ असेल तर 250. उघडणी म्हणजे भिंतीतलं भोक. त्यात तीन पाखांची खिडकी बसवली तरी ती एकच धरतात. नुसत्या साध्या एनर्जी स्टार खिडक्यांवर 5,000 मिळवायचे तर घराला चाळीस खिडक्या हव्यात. तेवढ्या शाळेला असतात. मावशीकडे समोरचं दार आणि मागचं सरकतं दार धरून तेरा उघडण्या होत्या. सगळं नियमाने झालं असतं तरी हातात 1,625 डॉलर आले असते.

आणि नियमाने म्हणजे आधी तपासणी. खरी मेख इथे होती. काम सुरू होण्यापूर्वी सरकारमान्य ऊर्जा सल्लागार घरी येतो. समोरच्या दाराच्या चौकटीत एक मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतो, मग फटीफटीतून वारा कुठून येतोय ते तपासतो आणि घराला एनरगाइडचं, म्हणजे घर किती ऊर्जा खातं याचं मानांकन देतो. त्यानंतर यादीतल्या मॉडेलच्या खिडक्या बसवायच्या, मॉडेल क्रमांकासकट बिल जपायचं, पुन्हा सल्लागार बोलवायचा. तपासणीच्या खर्चातले 600 डॉलरपर्यंत परत मिळत. घर तुमच्या मालकीचं हवं आणि तुम्ही स्वतः त्यात राहत असायला हवं. अर्ज घरमालकाने करायचा, आणि पैसे घरमालकाच्याच नावाने येत. कंपनीचा यात कुठेच हात नव्हता. पहिल्या तपासणीआधी खिडक्या बसल्या, की अनुदान गेलं. त्याला अपील नाही.

दारावर आलेल्या मुलाने यातलं काही सांगितलं नाही. तो मराठी होता. दारावरचं तोरण बघून त्याने ‘नमस्कार काका’ म्हटलं, पुण्याहून शिकायला आलोय म्हणाला, मावशीने लगेच चहा टाकला. त्या मुलावर माझा फारसा राग नाही. कॉलेजची फी भरणारी अशी पोरं कमिशनवर दारोदार फिरतात, पगार नसतो, आणि काय बोलायचं ते त्यांना पाठ करून दिलेलं असतं. राग आहे तो पाठ करून देणाऱ्यांवर. आपल्या माणसाच्या दारात आपल्याच भाषेचा मुलगा उभा करायचा, हे ठरवून केलेलं असतं.

त्याने जुन्या खिडकीच्या चौकटीवर हात फिरवून ‘काका, इथून तुमचे पैसे उडतायत’ असं दाखवलं. ते खरंच होतं, त्या खिडक्या घराइतक्याच जुन्या होत्या. मग म्हणाला, ‘महिन्याला 330 च्या आसपास पडतील, गॅसचं बिल कमी होईल, वर सरकार 5,000 देईल. योजना कधीही बंद होईल, आज नोंदणी केली तर तुमचा नंबर लागेल.’ टॅबलेटवर बोटाने सही झाली. मावशी-काकांच्या समजुतीप्रमाणे ती अनुदानाच्या नोंदणीची सही होती. प्रत्यक्षात तो खिडक्यांच्या विक्रीचा करार होता, आणि त्याला जोडून एका फायनान्स कंपनीचं कर्ज.

किंमत करसकट 26,400 डॉलर. मी नंतर त्याच कामाचे दर दुसरीकडे विचारले तर सतरा हजारांच्या वर कुणी गेलं नाही. पण किमतीपेक्षा कर्ज भयंकर होतं. व्याज 12.99 टक्के, हप्ता 334 डॉलर, मुदत पंधरा वर्षं. गुणाकार करून बघा, 60,120 होतात. काका शेवटचा हप्ता वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी भरणार होते. ‘महिन्याला किती’ हे त्या मुलाने अनेकदा सांगितलं, ‘किती महिने’ हे एकदाही नाही. दारावर कुणी महिन्याचा आकडा सांगू लागला की वर्षं विचारा. बहुतेकदा तिथेच बोलणं अडखळतं.

सही झाल्यावर एक फोन येतो, त्याबद्दल मुद्दाम लिहिते. कंपनी त्याला ‘व्हेरिफिकेशन’ म्हणते. फोनवरची बाई भरभर प्रश्न विचारते: करार वाचलात का, अटी समजल्या का, कुणी सरकारी असल्याचं सांगितलं नाही ना, दबाव आणला नाही ना. मुलगा शेजारी उभा राहून सांगत असतो, ‘सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाइल अडकेल.’ हा संवाद ध्वनिमुद्रित होतो, आणि पुढे तक्रार केली की तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवतात. काकांनाही ऐकवला.

ओंटारिओत घरी बसून केलेला करार लेखी प्रत मिळाल्यापासून दहा दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. हे कंपन्यांना पक्कं माहीत असतं. म्हणून प्रत ईमेलने येते, तीही पंचवीस-तीस पानांची. त्यानंतर कंपनी गोड बोलत वेळ काढते. माप घ्यायला माणूस पाठवतो म्हणते, मग फॅक्टरीत गर्दी आहे म्हणते. मुदत उलटली की एकदम घाई सुरू होते. इथेही तेच झालं आणि थंडीच्या आत खिडक्या लागल्या. काम वाईट झालं होतं असंही म्हणता येत नाही. फक्त जाताना बसवणाऱ्यांनी काचांवरची लेबलं सोलून नेली, आणि बिलावर मॉडेल क्रमांकाच्या जागी नुसतं ‘विनाइल विंडो’.

अनुदान येईना म्हणून काकांनी वसंतात मला फाइल दाखवली. मी पहिल्यांदा तपासणीचा अहवाल शोधला. तो नव्हताच, कारण तपासणी झालीच नव्हती. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘अनुदान हा ग्राहक आणि सरकार यांच्यातला विषय आहे.’ म्हणजे चहा पिताना जे कंपनीचा मुलगा मिळवून देणार होता, ते फोनवर दुसऱ्याच कुणाचं काम झालं.

त्याच फाइलमध्ये शेवटाकडे आणखी एक करार सापडला. खिडक्यांबरोबर ‘भेट’ म्हणून स्वयंपाकघराच्या सिंकखाली पाण्याचा फिल्टर बसवला होता. तो भेट नव्हता, भाड्याने होता. महिना 89 डॉलर, दहा वर्षं, दरवर्षी वाढ. बँक खात्यातून ती रक्कम वेगळ्या नावाने जात होती, आणि मावशीला वाटत होतं की तो खिडक्यांचाच भाग आहे.

या फिल्टरने मात्र आम्हाला थोडा हात दिला. ओंटारिओत 1 मार्च 2018 पासून काही वस्तू न बोलावता दारावर येऊन विकायला किंवा भाड्याने द्यायला बंदी आहे. फर्नेस, एसी, वॉटर हीटर, हवा शुद्ध करणारी यंत्रं, पाण्याचे फिल्टर ही सगळी त्या यादीत आहेत. असा करार रद्दबातल धरला जातो, आणि वस्तू ग्राहकाकडेच राहते, पैसे न देता. खिडक्या-दारं त्या यादीत नाहीत. पूर्वी फर्नेस विकत फिरणारे बरेच जण खिडक्यांकडे का वळले असावेत, याचं उत्तर मला त्यात दिसतं. खिडकी घेऊन आत शिरायचं आणि मागून फिल्टर, हीटर सरकवायचे.

खिडक्यांसाठी दुसरं कलम उपयोगी पडलं. दहा दिवस गेले म्हणजे सगळं संपलं असं नसतं. खोटं सांगून किंवा दिशाभूल करून करार केला असेल, तर ओंटारिओच्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे एका वर्षाच्या आत लेखी नोटीस देऊन त्यातून बाहेर पडता येतं. बहुतेक लोक दहा दिवसांनंतर नशिबाला दोष देत बसतात आणि हे वर्ष निघून जातं. आमचं वर्ष अजून उरलं होतं. ‘5,000 मिळतील’ असं मुलाने काकांना टेक्स्टवर लिहून पाठवलं होतं, तो मेसेज त्यांनी पुसला नव्हता. ध्वनिमुद्रित ‘हो’ला तेवढं एकच उत्तर आमच्याकडे होतं. नोटीस रजिस्टर पोस्टाने विक्री कंपनीला आणि फायनान्स कंपनीलाही पाठवली, सोबत कन्झ्युमर प्रोटेक्शन ओंटारिओ या सरकारी ग्राहक विभागाकडे तक्रार.

विक्री कंपनीने उत्तरच दिलं नाही. काही महिन्यांनी तिचा फोन बंद झाला, आणि त्याच नमुन्याची पत्रकं नव्या नावाने पेटीत पडू लागली. फायनान्स कंपनी वाटाघाटीला आली, कारण पळून जाणं तिला परवडत नाही. मुद्दलात थोडी सूट घेऊन काकांनी बँकेच्या क्रेडिट लाइनमधून उरलेलं कर्ज एकरकमी फेडलं. फिल्टरचा करार आमच्या पत्रानंतर निमूटपणे रद्द झाला. तरीही बाजारभावापेक्षा बरेच हजार जास्त गेले ते गेलेच, आणि अनुदानाचा एक सेंटही आला नाही. ती योजना पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या अर्जांसाठी बंद झाली.

सगळं मिटलं असं वाटत असताना काका गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायला गेले. वकिलाने घराच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, ‘नोटिस ऑफ सिक्युरिटी इंटरेस्ट’ दाखवली, लोक तिला नोझी म्हणतात. रद्द झालेल्या त्या फिल्टरच्या नावाने घरावर बोजा नोंदवलेला होता, आणि तो काढून घ्यायला कुणी गेलं नव्हतं. काही शे डॉलरच्या डब्यासाठी अख्ख्या घराचा व्यवहार अडतो, आणि घर विकायच्या घाईत असलेला माणूस मागतील ते देऊन मोकळा होतो. अनेकांकडून याच मार्गाने हजारो डॉलर उकळले गेले. शेवटी 6 जून 2024 रोजी ओंटारिओने ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी अशा नोंदी करायला कायद्याने बंदी घातली, आणि आधीच्या नोंदीही कालबाह्य ठरवल्या. पण नोंद गेली म्हणून खालचा करार जात नाही. कंपनी त्याच्या आधारे पैसे मागू शकते, कोर्टातही जाऊ शकते. तेव्हा 2024 पूर्वी कुणी दारावर सही केली असेल, आईवडिलांनी केली असेल, तर ‘आता कायदा झालाय’ म्हणून निवांत बसू नका. मूळ करार शोधा.

हे आत्ता लिहायचं कारण असं, की जानेवारी 2025 पासून ओंटारिओत ‘होम रिनोव्हेशन सेव्हिंग्ज’ ही नवी योजना आली आहे आणि दारावरची भाषणंही नवी झाली आहेत. ‘सरकार 30 टक्के परत देतं’ असं सांगतात. जाहिरातीत ‘30 टक्क्यांपर्यंत’ असा शब्द आहे. खिडक्या-दारांना मिळतात ते उघडणीमागे 100 डॉलरपर्यंत. मावशीच्या तेरा उघडण्यांचे 1,300 झाले. त्यासमोर कुणी 26,000 चा करार ठेवत असेल तर 30 टक्के कुठे आले ते त्यालाच वहीवर मांडून दाखवायला सांगा.

खिडक्या बदलायच्याच असतील तर जरूर बदला, इथल्या थंडीत फरक पडतो. योजनेच्या अटी सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, तपासणी लागत असेल तर सल्लागार स्वतः निवडा, तीन ठिकाणचे दर लेखी घ्या, आणि ओंटारिओ सरकारची ‘कन्झ्युमर बिवेअर लिस्ट’, म्हणजे सावध राहायच्या कंपन्यांची यादी, उघडून कंपनीचं नाव शोधा. कर्ज लागलं तर आपल्या बँकेकडे आधी विचारा. ज्यांची सही होऊन गेली आहे त्यांनी लेखी प्रत हातात आल्याची तारीख बघावी. दहा दिवस शिल्लक असतील तर आजच रजिस्टर पोस्टाने रद्द करा. गेले असतील तर वर्ष मोजा आणि त्या विक्रेत्याचे मेसेज पुसू नका. वकील परवडत नसेल तर ओंटारिओत कम्युनिटी लीगल क्लिनिक आहेत, कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे फुकट सल्ला मिळतो. जाताना पंचवीस पानांची ती ईमेल छापून न्या. टॅबलेटवर काय दाखवलं होतं याला तिथे कुणी विचारत नाही.