स्वस्तात मिळालेला मॅकबुक आणि गोंदाची चौकोनी खूण

यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळच्या एका गावात मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. सेकंडहँड मॅकबुकच्या सौद्यात माझे चौसष्ट हजार बुडाले. लग्नसराई तोंडावर आली की आपल्याकडची बरीच पोरं असाच लॅपटॉप शोधतात, म्हणून सगळं सांगतो.

माझ्याकडे २०२० चा आय-सेव्हन गेमिंग लॅपटॉप होता. फोर-के फुटेज टाकलं की अडकायचा. त्यात रॅमचा एक स्लॉट रिकामा होता. आठ जीबीची पट्टी बसवली असती तर आणखी दोन सीझन आरामात निघाले असते. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या नव्या एम-फोर चिपचे मॅकबुक प्रो आले, जुन्यांचे भाव उतरले असं जो तो म्हणू लागला, आणि मला घाई झाली.

जाहिरात होती २०२१ च्या, एम-वन प्रो चिपच्या चौदा इंची मॅकबुक प्रोची, १६ जीबी रॅम. नवा आला तेव्हा त्याची किंमत १,९४,९०० रुपये होती. नागपुरात दुकानदार ऐंशी हजारांच्या वर सांगत होते, हा माणूस चौसष्ट. इतका कमी का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, नवीन मॉडेल आलं का जुन्याचा भाव पडतेच. महिनाभर थांबलो तर अजून दहा हजार जातीन माये." मला पटलं, कारण गोष्ट खरीच आहे. पण नव्या मॉडेलनं भाव पडतो तो सगळ्यांचाच. एकट्या माणसाच्या लॅपटॉपचा भाव बाजारापेक्षा पंधरा-वीस हजारांनी खाली असेल, तर कारण त्या लॅपटॉपमध्येच असतं.

पैसे कापसाचे होते. निघताना बाबा म्हणाले, "शहरातला सौदा हाये, नीट पाहून घेजो." सीताबर्डीत भेटलो. कीबोर्ड, स्क्रीन, कॅमेरा पाहिला. बॅटरीचे २१२ सायकल, म्हणजे पूर्ण चार्जचे फेरे, झाले होते. ॲपल या मॉडेलला १,००० ची मर्यादा धरते, म्हणजे उत्तम. खालच्या पत्र्यावर गोंदाची चौकोनी खूण होती, काडेपेटीएवढी. अंगठ्यानं घासली, निघाली नाही. तो म्हणाला, किमतीचं स्टिकर होतं. बिल? घर बदलताना हरवलं. माझा जुना लॅपटॉप त्यानं बावीस हजारांत धरला, वर बेचाळीस हजार मी रोख दिले.

दोन महिने झकास चालला. फेब्रुवारीत एका रात्री सिस्टिम अपडेट केली. सुरू होताच पूर्ण स्क्रीनवर 'रिमोट मॅनेजमेंट' (म्हणजे लॅपटॉपवर कंपनीचा दुरून ताबा) आलं, खाली एका कंपनीचं नाव, आणि पुढे जायला त्या कंपनीचा लॉगिन. ती खूण कंपनीच्या मालमत्ता-क्रमांकाच्या स्टिकरची होती.

कंपन्या आपल्या लॅपटॉपचे सिरियल नंबर ॲपलकडे नोंदवतात. सेटअप इंटरनेटशिवाय करता आला, तर ही नोंद तेव्हा तपासली जात नाही, आणि विकणाऱ्यानं तेच केलं होतं. डिस्क पुसून काही होत नाही, कारण नोंद लॅपटॉपमध्ये नसतेच. ती काढणं त्या कंपनीच्याच हातात. मी त्यांना मेल केला, तर उत्तर आलं की लॅपटॉप कर्मचाऱ्याकडून परत आलेला नाही, तो आम्हाला परत करा. ठाणेदारांनी तो जमा करून घेतला. आधी चौकशी माझीच झाली, कारण पावती माझ्याकडेही नव्हती आणि रोख पैशाला पुरावा नाही.

म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' करून लॅपटॉप पूर्ण पुसा, आपल्याच फोनचं हॉटस्पॉट जोडा आणि डेस्कटॉप दिसेपर्यंत सेटअप स्वतः करा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. तो "नेट नको, मी करून देतो" म्हणाला, तर तिथूनच उठा. कंपन्यांतून निघालेले विंडोजचे लॅपटॉपही असेच बांधलेले असू शकतात. मॅकची रॅम नंतर वाढत नाही, तेही घेतानाच पाहा. आणि स्वतःचा विकायचा असेल तर वॉरंटी शिल्लक असताना, बिल-खोक्यासकट विका. भाव त्यानंच टिकतो.

विकणाऱ्याचा नंबर बंद आहे. चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठाण्यात दिलेत, तपास चालू आहे. त्या जाहिरातीत सहा फोटो होते. लॅपटॉप उलटा करून काढलेला एकही नव्हता. तुम्ही तो आधी मागा.