पोकलेन-जेसीबीच्या मेकॅनिकसाठी धंद्याचा विमा: काय घेतलं, काय कामाचं, आणि काय मिळतच नाही

डीलरकडे नोकरीला असताना होज फुटला, कोणाच्या अंगावर गरम तेल उडालं, जॅक सरकला, काहीही झालं तरी बघायला कंपनी होती. स्वतःचं चालू केलं की ते सगळं आपल्या नावावर येतं आणि हे तुम्हाला कोणी सांगत नाही, सगळे फक्त कामं मिळतायत का एवढंच विचारतात. मी चाकणच्या बाजूला भाड्याच्या शेडमध्ये बसतो, पण दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ बाहेर, कधी मोशीचे खडी क्रशर, कधी रस्त्याच्या साईटी, कधी एखाद्या कंपनीत लोडर बंद पडलाय म्हणून. तर अशा माणसाने विमा काय घ्यावा यावर मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून मी जे घेतलं त्याचा हा रिव्ह्यू, जरा लांबलाय.

आधीच सांगतो, शेडचा विमा सोपा आहे, स्वस्त आहे आणि बऱ्यापैकी चांगला आहे. शेडबाहेरचा विमा कोणी धड समजावत नाही, आणि आपल्या धंद्यातली खरी भीती तिकडेच आहे.

शोधताना पहिल्यांदा एका ऑनलाइन पोर्टलवर गेलो. तिथे धंद्याच्या यादीत हेवी मशिनरी रिपेअरिंग हा प्रकारच नव्हता, गॅरेज निवडलं तर दुकानदारांचं पॅकेज समोर आलं, त्यात काचा फुटल्या तर भरपाई, दुकानाची पाटी पडली तर भरपाई. माझ्या शेडला काच नाही. मग ज्या बँकेत मुद्रा लोनची फाईल टाकली होती तिथे विचारलं, तर साहेबांनी आयुर्विम्याची पॉलिसी पुढे सरकवली, म्हणे लोनला हीच लागते. ती धंद्याची पॉलिसी नाहीच, घरच्यांसाठी वेगळी घ्यायची तर घ्या पण या दोन गोष्टी एकात मिसळू देऊ नका. शेवटी न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड या चार सरकारी कंपन्यांपैकी एकीच्या शाखेत गेलो, तिथल्या डेव्हलपमेंट ऑफिसरने फॉर्म काढायच्या आधी विचारलं, "दादा, काम शेडमध्ये किती आणि बाहेर किती?" तोपर्यंत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी म्हटलं साहेब सत्तर टक्के बाहेर, तर त्यांनी दुकानदार पॅकेजचं माहितीपत्रक परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आता शेडची पॉलिसी. नाव भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. ही आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलेली स्टँडर्ड पॉलिसी आहे, 1 एप्रिल 2021 पासून चालू झाली, एका जागेवरचा सगळा माल-मशिनरी मिळून 5 कोटीपर्यंत असेल तर ही मिळते. स्टँडर्ड असल्यामुळे फायदा हा की कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी मूळ कलमं सारखीच, म्हणजे फक्त रेट आणि सर्व्हिस बघायची. आग, वीज, स्फोट, पूर, वादळ, भूकंप, दंगल हे सगळं आत. मला आवडलेली गोष्ट म्हणजे मालाची किंमत थोडी कमी लिहिली गेली तरी 15 टक्क्यांपर्यंतच्या फरकासाठी क्लेम कापत नाहीत. आपल्याकडे सील किटा, बेअरिंगा, फिल्टर यांचा स्टॉक रोज खालीवर होतो, कोण एवढं नेमकं लिहिणार. शेड भाड्याचं असेल तर बिल्डिंग मालकाची, तुम्ही फक्त आतलं सामान लिहा.

पण यात चोरी नाही. म्हणजे आग लागली किंवा पूर आला आणि त्या गडबडीत सात दिवसांच्या आत चोरी झाली तर आहे, नुसतं रात्री कुलूप तोडून पाने आणि वेल्डिंग मशीन नेलं तर नाही. त्याला बर्गलरी वेगळी घ्यावी लागते आणि त्यातही साधारणपणे तोडफोड करून आत शिरल्याची खूण लागते, हेल्परनेच गुपचूप नेलं तर ते यात बसत नाही. घ्या तरीही, प्रीमियम फार नाही.

दुसरं, गिऱ्हाईकाचा मेन पंप खोलून तुमच्या टेबलावर पडलाय, स्विंग मोटर पडलीय, ते सामान तुमचं नाही, त्यामुळे पॉलिसीत आपोआप येत नाही. "हेल्ड इन ट्रस्ट", म्हणजे दुसऱ्याचं पण आपल्या ताब्यातलं सामान, म्हणून वेगळं लिहून घ्यावं लागतं आणि रक्कमही वेगळी धरावी लागते. एका पोकलेनच्या मेन पंपाची किंमत सगळ्यांना माहितीये, माझ्या सगळ्या हत्यारांची मिळून होत नाही तेवढी. हे न सांगता पॉलिसी देणारे एजंट मी बघितलेत.

आणि गाडीतली हत्यारं. गाडीचा विमा गाडीचा असतो, आतल्या टॉर्क रेंचचा, प्रेशर गेज किटचा, लॅपटॉपचा नाही. शेडची पॉलिसी शेडच्या पत्त्यापुरती. म्हणजे हत्यारं रस्त्यावर असताना कुठेच नसतात! यासाठी पोर्टेबल इक्विपमेंटची ऑल रिस्क पॉलिसी असते, मी फक्त लॅपटॉप आणि डायग्नोस्टिक किट त्यात टाकलंय, पान्यांसाठी घेत बसलो नाही. उभ्या गाडीतून चोरी झाली तर गाडी लॉक होती का, रात्रभर कुठे उभी होती अशा अटी असतात, त्या नीट वाचा.

डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगार नुकसानभरपाई, 1923 च्या कायद्यापासून चालत आलेला प्रकार. ही घेण्यात चर्चाच नको. दोन हेल्पर असलेल्या शेडला ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागत नाही, मग पोराच्या हातावर बकेटची पिन पडली तर भरपाई तुमच्या खिशातून, ती लाखांत जाऊ शकते. शिवाय चाकण-तळेगावच्या मोठ्या कंपन्यांत डब्ल्यूसीची कॉपी दाखवल्याशिवाय गेटपास मिळत नाही, त्यामुळे ही पॉलिसी कामंही मिळवून देते. प्रीमियम पगारावर आणि कामाच्या प्रकारावर ठरतो, म्हणून काहीजण पगार कमी लिहायला सांगतात, तसलं करू नका, क्लेमच्या वेळी हजेरी आणि पगाराचा पुरावाच मागतात. दवाखान्याचा खर्च बहुतेक वेळा वेगळा जोडून घ्यावा लागतो, तो घ्या, कारण बोट चेमटण्याचे प्रकार जास्त आणि जीव जाण्याचे कमी.

गंमत म्हणजे या डब्ल्यूसीत मालक येत नाही. मशीनखाली सगळ्यात जास्त वेळ मीच असतो आणि माझंच कव्हर नाही. त्यासाठी पर्सनल ॲक्सिडेंट, म्हणजे स्वतःचा अपघात विमा. आयआरडीएआयचीच सरल सुरक्षा बीमा नावाची स्टँडर्ड पॉलिसी आहे, अडीच लाखापासून एक कोटीपर्यंत, त्यात तात्पुरतं काम बंद पडलं तर दर आठवड्याला पैसे मिळायचा भाग ऐच्छिक असतो, आपल्यासारख्याने तोच मागून घ्यायचा. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही चालू ठेवा, 2 लाखाचाच आहे पण 20 रुपयांत आणि काय पाहिजे.

आता मुख्य डोकेदुखी, लायबिलिटी. म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. 1991 च्या कायद्याखालची पब्लिक लायबिलिटी घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, आपला काही संबंध नाही, तरी एकाने मला तीच दाखवली. साधी पब्लिक लायबिलिटी बहुतेक करून पॉलिसीत लिहिलेल्या जागेपुरती, म्हणजे परत शेडच. बाहेरच्या कामाला हवी ती कमर्शियल जनरल लायबिलिटी, सीजीएल म्हणतात. ही मी घेतली आणि हिचेच दोन नियम समजायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

समजा मी पोकलेनच्या बूम सिलिंडरचं सील बदललं, मशीन चालू करून दिलं, निघून आलो. दोन दिवसांनी फिटिंग निसटून बूम खाली आला आणि शेजारी उभ्या दुसऱ्याच्या डंपरच्या केबिनवर पडला. केबिनचं नुकसान पॉलिसीत येतं, पूर्ण झालेल्या कामाचा भाग त्यात घेतलेला असेल तर. ते सील परत बसवायचा खर्च येत नाही, आपलं काम आपणच सुधारायचं, ते योग्यही आहे. पण मी काम करत असताना बूम पडून त्याच पोकलेनची केबिन चेपली तर? नाही. जी वस्तू माझ्या ताब्यात आहे, जिच्यावर मी काम करतोय, ती वगळलेली. अरे पण आमचा धंदाच तो आहे ना! साठ-सत्तर लाखाचं मशीन समोर उभं असतं आणि नेमकं तेच बाहेर. हा भाग थोड्या रकमेपुरता जोडून देता येतो असं ऑफिसरने सांगितलं, हेड ऑफिसला विचारावं लागलं, आणि जोडून आला तेव्हा प्रीमियम जाणवेल इतका वाढला.

यातच एक बारीक गोष्ट. मोठ्या मालकांकडे मशीनची सीपीएम पॉलिसी असते, कॉन्ट्रॅक्टर प्लांट अँड मशिनरी. त्यात मशीन आतून बिघडलं तर नाही, पण अपघाताने आपटलं, कोसळलं तर पैसे मिळतात. आपल्याला वाटतं चला सुटलो. तसं नाही, विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि मग मालकाच्या जागी उभी राहून तीच वसुली मेकॅनिकवर लावू शकते. त्यामुळे मोठं काम घेताना मालकाला विचारा की तुमच्या पॉलिसीत माझ्यावरची वसुली सोडल्याचं कलम टाकता येईल का. सगळे ऐकत नाहीत. एका क्रशरवाल्याने ऐकलं, तो आता कायमचा गिऱ्हाईक आहे.

पैशाचं म्हणाल तर सीजीएल सोडून बाकी सगळं मिळून वर्षाला जीएसटीसकट वीस हजाराच्या आसपास बसलं, सीजीएलचा आकडा मुद्दाम लिहित नाही कारण तो उलाढाल आणि रकमेवर फार बदलतो. त्यात एका घटनेला किती आणि वर्षभरात मिळून किती असे दोन आकडे असतात, कोटेशन घेताना दोन्ही बघा, शिवाय पहिले किती हजार आपण भरायचे तेही. आणि आपल्या लाईनीत सगळं उधारीवर चालतं पण इथे प्रीमियम जमा झाल्याशिवाय कव्हर चालूच होत नाही, "पुढच्या आठवड्यात देतो साहेब" हे कायद्यानेच बंद आहे.

स्टार द्यायचे तर भारत सूक्ष्म उद्यमला पाचपैकी साडेचार, डब्ल्यूसीला चार, सीजीएलला अडीच. सर्व्हिसला साडेतीन, ऑफिसर चांगला पण शाखेत फोन कोणी उचलत नाही आणि पॉलिसी पूर्ण इंग्रजीत. अजून क्लेम केलेला नाही, तो झाल्यावर हे स्टार वर जातील का खाली देव जाणे. क्लेम अडकलाच तर आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल आहे, 155255 हा नंबर आहे, आणि एकट्या मालकीच्या छोट्या धंद्यालाही विमा लोकपालाकडे फुकटात जाता येतं, पुण्यात त्यांचं ऑफिस आहे.

शाखेत जाताना उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं, जे सरकारी साईटवर फुकट निघतं, भाडेकरार, हेल्परांच्या पगाराची नोंद आणि हत्यारांची बिलं घेऊन जा. जुन्या हत्यारांची बिलं नसतील तर प्रत्येकाचा फोटो, कंपनी आणि सिरीयल नंबर दिसेल असा, काढून यादी करा आणि ती यादी स्वतःला मेल करून ठेवा, मोबाईल शेडमध्येच जळला तर काय करणार.