चॅट ॲपमधील पालक-देखरेख: शालेय वर्षभराचा अनुभव आणि त्या ज्योतीबद्दलची तक्रार

जूनमध्ये शाळा सुरू होताना मी मुलीच्या चॅट ॲपला पालक-देखरेखीची सुविधा जोडली. ती कशी जोडायची हे बहुतेकांना ठाऊक असेल. दिवाळीनंतर मी या सुविधेला चार तारे दिले होते. मे महिन्यातील प्रकारानंतर हा सुधारित अभिप्राय लिहीत आहे.

मुलीने गेल्या सात दिवसांत कोणाकोणाशी संवाद साधला, त्यांची नावे या सुविधेत दिसतात. मजकूर दिसत नाही आणि तो दिसूही नये, कारण पंधरा वर्षांच्या मुलीच्या गप्पा वाचणारा बाप तिला गुपचूप दुसरे खाते उघडायलाच भाग पाडतो. यादीतील अनोळखी नावे मात्र लवकरच नाहीशी झाली, हा मोठा लाभ. वेळेची मर्यादा मी फोनच्याच सेटिंगमधून पाऊण तासावर आणली. दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या १२ ते १५ वयोगटातील मुलांत नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या सर्वोच्च सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्यांनी, २०२३ मध्ये बजावले होते. त्या हिशेबाने आमच्या घरी सारे आलबेल असायला हवे होते.

तसे झाले नाही, ते मैत्रिणीच्या नावाशेजारच्या ज्योतीमुळे, म्हणजेच स्ट्रीकमुळे. दोघींनी सलग किती दिवस एकमेकींना फोटो पाठवले, त्याचा आकडा या ज्योतीजवळ दिसतो. दोघींपैकी एकीने जरी चोवीस तासांत दुसरीला फोटो पाठवला नाही, तरी साचलेला आकडा पुसला जातो. लेखी संदेश त्यात धरत नाहीत. मुदत संपत आली की वाळूचे घड्याळ दिसू लागते. त्यामुळे कन्या रोज रात्री अंथरुणातून छताचा, उशीचा, कधी नुसत्या अंधाराचा फोटो काढून सगळ्या मैत्रिणींना पाठवत असे. काम पाच मिनिटांचे; पण कोणी राहून तर गेले नाही ना, या धास्तीने ती अपरात्री उठून फोन पाही आणि सकाळी आईवर चिडे. मिनिटे मोजणाऱ्या पालकाला यातले काहीच दिसत नाही.

मे महिन्यात राजापूर तालुक्यातील आजोळी रेंज नसल्याने तिने आपला पासवर्ड एका मैत्रिणीच्या हवाली केला, तरीही काही स्ट्रीक तुटल्याच. पहिली ॲपने फुकट जोडून दिली, पुढच्यांसाठी पैसे मागितले. पोरीने रात्रीचे जेवण टाकले, तरी मी एक रुपयाही भरला नाही. मुलांच्या धास्तीवर बसवलेला हा टोलनाका मला मान्य नाही. तक्रारीला ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ एवढेच छापील उत्तर आले.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये संध्याकाळी सातच्या भोंग्याबरोबर घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. सगळ्यांचे फोन एकदम बंद होतात, म्हणून कोणी मागे पडत नाही. स्ट्रीकलाही दोन टोके असतात. एकाच फोनला कुलूप लावून भागत नाही. म्हणून आम्ही तिच्या जवळच्या मैत्रिणींच्या पालकांशी बोललो आणि मुलींनी आपसांत ठरवून ज्योती विझू दिल्या. विशेष म्हणजे पहिला होकार ज्या मुलीचा आकडा सर्वांत मोठा होता, तिचाच आला.

आता कन्या सलग झोपते. अनोळखी लोकांना दूर ठेवण्यासाठी ही सुविधा अवश्य जोडावी. मात्र स्ट्रीकची आठवण करून देणाऱ्या सूचना मुलांच्याच फोनमधील नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन बंद कराव्या लागतात, पालकांच्या पडद्यावर त्यासाठी बटणच नाही. म्हणून चाराचे दोन तारे करत आहे.