साइटवरची दादागिरी आणि पोलिस तपास: बारदेसातल्या एका स्टेशनचा अनुभव (5 पैकी 3 स्टार)

मी गोव्यात, बारदेस तालुक्यात लहान घरांची कामं घेतो, ग्राउंड प्लस वन, फार तर दोन साइट एका वेळी. पावसाळ्याआधी एका साइटवर चार-पाच जण आले आणि म्हणाले चिरे, रेती, खडी सगळं आमच्याकडूनच घ्यायचं, बाहेरून आणलंस तर ट्रिपमागे आम्हाला पैसे द्यायचे. मी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी चिऱ्यांचा टिपर रस्त्यातच अडवला, ड्रायव्हरकडून चावी काढून घेतली आणि माझ्या मेस्त्रीला सांगितलं, उद्या इथे दिसलास तर पाय मोडून ठेवू. तेव्हा मी पोलिसांत गेलो. केस चालू आहे म्हणून स्टेशनचं नाव लिहीत नाही, पण सर्व्हिस कशी मिळाली ते लिहायलाच हवं, कारण आमच्या लाईनीत बहुतेक जण गुपचूप पैसे देऊन मोकळे होतात आणि त्यामुळे यांचं अजूनच फावतं.

पहिला स्टार काउंटरवरच गेला. ड्युटीवरचे साहेब म्हणाले गावचीच पोरं आहेत, बसून मिटवा, फारच वाटत असेल तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतो. इथेच लोक फसतात. नव्या कायद्याच्या परिशिष्टात नुसती धमकी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 351, अदखलपात्र आहे, कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिस तपासच करू शकत नाहीत, त्यामुळे एनसी झाली की कागद फाइलीत पडून राहतो. पण इथे नुसती धमकी नव्हती ना! गाडी अडवली होती (कलम 126) आणि भीती घालून पैसे मागितले होते (कलम 308), ही दोन्ही दखलपात्र, आणि एक जरी दखलपात्र गुन्हा असला तरी पूर्ण केस दखलपात्र धरतात. ओळखीच्या एका वकिलांनी हे फोनवर सांगितलं, मी तेच काउंटरवर बोललो, बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं पण शेवटी एफआयआर झाली. म्हणून सांगतो, अर्जात "वाद झाला, त्रास दिला" असलं मोघम लिहू नका, तो माणूस काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, पाय मोडण्याची धमकी म्हणजे गंभीर दुखापतीची धमकी आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तपासाला जे पीएसआय आले त्यांच्यासाठी मात्र मनापासून तीन स्टार. माझा मेस्त्री विजापूरकडचा, स्टेशनात यायलाच घाबरत होता, म्हणाला साहेब तुम्ही जाल घरी, मला इथेच शेडमध्ये झोपायचंय. पीएसआय संध्याकाळी स्वतः साइटवर आले, सिमेंटच्या पोत्यांवर बसून त्याचा जबाब घेतला, कन्नड येणारा एक हवालदार सोबत आणला होता, आणि लिहून झाल्यावर सगळं त्याला परत वाचून दाखवलं, एके ठिकाणी तो म्हणाला असं नाही बोललो तर तेवढी ओळ लगेच दुरुस्त केली. शेजारच्या घराच्या सीसीटीव्हीचं फुटेज त्याच रात्री घेतलं, नाहीतर डीव्हीआरमध्ये जुनं पुसून जातं. कॉल रेकॉर्डिंगसाठी साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलीत फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा), तेही त्यांनीच समजावून करून घेतलं. त्यातले दोघे स्वतःला कुठल्यातरी सिक्युरिटीचे बाउंसर म्हणवत होते, पीएसआयनी आधी एजन्सीचं लायसन आणि फोटोचं ओळखपत्र मागितलं, खासगी सिक्युरिटी एजन्सींच्या 2005 च्या कायद्याने ते सक्तीचं आहे, दोघांकडेही काही नव्हतं.

ही काळजी सगळीकडे घेतली गेली पाहिजे हो. जून 2024 मध्ये आसगांवात बाउंसर आणि जेसीबी आणून राहत्या घराचा भाग पाडला, तेव्हा अख्खा गोवा पेटला आणि पोलिसांवरही निलंबनाची कारवाई झाली. जमिनीला सोन्याचा भाव आलाय, मोपा विमानतळ झाल्यापासून तर जास्तच, आणि जिथे एवढा पैसा फिरतो तिथे असली पोरं पाळणारे पण तयार होतात. पकडली जातात ती पोरं, पाठवणारा घरी बसलेला असतो. आमच्या केसमध्येही त्या पोरांच्या मागे कोण याचा शोध अजून लागलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

दुसरा स्टार कापला तो पाठपुराव्यासाठी. तपास कुठवर आला ते 90 दिवसांत तक्रारदाराला कळवायचं असं नागरिक सुरक्षा संहितेत (कलम 193) लिहिलंय, मेसेजवर कळवलं तरी चालतं. मला एकही मेसेज आला नाही, दर वेळी मीच जाऊन विचारायचं, आणि पीएसआय बंदोबस्ताला गेलेले असले की उद्या या. आता लेखी अर्ज दिलाय, इनवर्डचा शिक्का मारून घेतलाय, उत्तर आलं की इथेच अपडेट टाकतो.

जाणाऱ्यांनी एवढं करा: एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवून घेतलीच नाही तर तक्रार पोस्टाने एसपींकडे पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आणि कामगारांना एकटं पाठवू नका, सोबत जा.