एटीव्ही उंचावर नेताय? आधी क्लच जुळवून घ्या

कोलोरॅडोच्या सॅन हुआन डोंगरांत एटीव्ही (कच्च्या डोंगरी रस्त्यांवर चालणारी जाड टायरांची छोटी उघडी गाडी) न्यायच्या आधी मॉन्ट्रोज गावातल्या एका छोट्या गॅरेजमधून ती उंचीसाठी जुळवून घेतली. काम अतिशय आवडलं.

गाडी ह्यूस्टनहून सेकंडहँड घेतलेली, म्हणजे सगळं सेटिंग समुद्रसपाटीचं. इथे लेक सिटी गावच 8,660 फुटांवर, आपल्या कळसूबाईच्या कितीतरी वर. एंजिनिअर पास ही खिंड 12,800 फुटांवर. तिथल्या विरळ हवेत इंजिनाची एक तृतीयांशाहून जास्त ताकद जाते. डेन्व्हरमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "फ्युएल इंजेक्शन आहे ना, मग काही करायला नको." हे अर्धंच खरं. इंजेक्शन हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतं (कार्ब्युरेटर असेल तर लहान मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, लागतो). पण सीव्हीटीच्या (बेल्टवर चालणाऱ्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) पुढच्या क्लचमधली वजनं तीच राहतात. फिरताना ती बाहेर फेकली जातात आणि बेल्ट वरच्या गिअरकडे सरकतो. दमलेल्या इंजिनावर एवढी जड वजनं असली की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढत नाही आणि बेल्ट तापतो.

मॉन्ट्रोजच्या गॅरेजमालकाने आधी विचारलं, मागे कोणी बसणार का? बायको बसते, सामानही असतं. मग मॅन्युअलमधला उंचीचा तक्ता काढून त्याने हलकी वजनं बसवली, स्वतः चढावर गाडी नेली, पूर्ण थ्रॉटलला आरपीएम बघितला आणि समाधान होईना म्हणून आणखी हलका सेट घातला. असं चालवून बघणारा मेकॅनिक मिळणं हेच मोठं. एअर फिल्टरही न सांगता साफ केला. जुनी वजनं पिशवीत घालून दिली, कारण खाली उतरल्यावर हलक्या वजनांवर इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरतं.

अ‍ॅनिमस फोर्क्स या ओसाड गावाहून वरचा चढ आम्ही लो रेंजमध्ये (हळू पण जोरदार गिअरमध्ये) चढलो. वळणावर थांबून पुन्हा निघताना गाडी लगेच उचलायची, आधीसारखी गुदमरली नाही. गेलेली ताकद अर्थात परत येत नाही. तसं कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

गैरसोय एकच: शनिवार-रविवार बंद. पास साधारण जूनमध्ये उघडतात आणि मग गर्दी होते, तेव्हा मे महिन्यातच वेळ घेऊन ठेवा.