वीकेंडचा सायकोथेरपी डिप्लोमा : शिकवणं मस्त, सुपरव्हिजनच्या नावानं बोंब

मी एमए सायकॉलॉजी, सध्या एका शाळेत काउन्सेलर आहे. पश्चिम नागपुरातल्या एका इन्स्टिट्यूटचा शनिवार-रविवारवाला सहा महिन्यांचा डिप्लोमा केला, फी 45 हजार. बरेच जण विचारून राहिले की ॲडमिशन घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सीबीटी, म्हणजे आपले विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपी, ती शिकवणाऱ्या मॅडम जबरदस्त आहेत, यात वादच नाही. ही थेरपी काढणाऱ्या ॲरन बेकचा फोटो दाखवून थिअरी संपवली असं नाही, थॉट रेकॉर्ड आमच्याकडूनच भरून घेतला, प्रसंग काय, मनात काय आलं, किती वाईट वाटलं त्याला शंभरपैकी आकडा, पुरावा काय, अन् मग दुसरं काय असू शकते. एकजण म्हणाली सासूबाई सकाळी बोलल्या नाहीत म्हणजे रागावल्याच. मॅडमनी तिला समजावलं बिमजावलं काही नाही, नुसतं विचारत गेल्या, अन् थोड्या वेळानं तीच म्हणते की उपवास असला की त्या तशाही गप्पच असतात. असे तास होते तोवर पैसे वसूल वाटत होते.

मग शेवटी शेवटी एनएलपी (बोलण्या-विचारांची पद्धत बदलून माणूस बदलायचा दावा) अन् ग्राफॉलॉजी (अक्षरावरून स्वभाव ओळखायचा दावा) आली. सहीचं वळण बदललं की स्वभाव बदलते म्हणे! सायकोथेरपीच्या कोर्सात हे काहून, कोणी सांगेल तर बरं होईल.

खरी गडबड सुपरव्हिजनची, म्हणजे अनुभवी थेरपिस्टनं आपल्या केसेसवर देखरेख ठेवायची त्याची. ब्रोशरमध्ये ठळक छापलंय 'सुपरवाइज्ड प्रॅक्टिस', प्रत्यक्षात काय तर व्हॉट्सॲप ग्रुपवर केस टाइप करा, सर अंगठा पाठवतात. अरे, क्लायंटच्या घरातल्या गोष्टी अख्ख्या बॅचच्या ग्रुपवर? नागपुरात तिसरा माणूस ओळखीचा निघते, नाव नाही टाकलं तरी मोहल्ला अन् नोकरीवरून लोक ओळखतात. रोलप्ले झाले तेही बॅचमेटसोबतच. तो बिचारा किती खोटं रडेल! खरा माणूस समोर गप्प बसला की तुम्ही काय करता, हे बाजूला बसून कोणीतरी अनुभवी पाहिलं पाहिजे, निदान परवानगीनं केलेलं रेकॉर्डिंग तरी ऐकलं पाहिजे. ब्रिटनमध्ये बीएसीपी या काउन्सेलर-थेरपिस्टच्या संघटनेची मान्यता हवी असलेल्या कोर्सला खऱ्या क्लायंटसोबत किमान 100 तास द्यावे लागतात, तेही सुपरव्हिजनखाली. इथे मी विचारलं तर उत्तर आलं, 'प्रॅक्टिस सुरू केली की अनुभव येईलच.' कोणाच्या जिवावर?

अन् ते 'सरकारमान्य'. रिसेप्शनवर फ्रेम करून लावलेलं आहे ते आयएसओ अन् एमएसएमईचं, म्हणजे ऑफिसच्या कारभाराचं सर्टिफिकेट अन् धंद्याची नोंदणी. थेरपी शिकवायच्या मान्यतेशी दोन्हीचा काही संबंध नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयमध्ये (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंद लागते, अन् त्यासाठी आरसीआयमान्य कोर्सच लागतो, आतापर्यंत मुख्यतः दोन वर्षांचं एमफिल होतं, ते आता बंद होऊन राहिलं अन् क्लिनिकलचं नवं एमए येऊन राहिलं. या डिप्लोमावर ती नोंद होत नाही. काउन्सेलर व्हायला 'नुसतं एमए करा, ते तर दूरशिक्षणानं पण होते ना' म्हणून जे सांगतात, त्यांनी हेही सांगावं की यूजीसीनं 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजीचे नवे प्रवेश त्या पद्धतीनं बंद केलेत.

आधीच एमए असेल, शाळेत किंवा एनजीओत काम सुरू असेल अन् फक्त सीबीटी हाताखालून घालवायची असेल तर चालेल. बीकॉमनंतर हा करून थेट क्लिनिकची पाटी लावायचा विचार असेल तर बापा, नको. माझे पाचपैकी तीन स्टार, तेही मॅडममुळे. फी दोन हप्त्यांत घेतात, पण पहिला हप्ता भरायच्या आधी सुपरव्हायझर कोण अन् महिन्याला किती तास देणार, हे लेखी मागून घ्या.