१२ व्होल्ट की १८, हे बॉक्समध्ये हात घातल्यावर कळतं

दुकानात कार्डलेस ड्रिल हातात घेतलं की सगळेच ते एकदा हवेत गर्रकन फिरवून बघतात. मीही बघितलं होतं. १८ व्होल्टचं मशीन मुठीत भरून आलं, शेजारचं १२ व्होल्टचं पोराच्या खेळण्यासारखं दिसलं. १८ घेऊन घरी आलो. पस्तावायला किचनमधली एक चिंचोळी ट्रॉली पुरली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागातल्या आमच्या घरात ओट्याच्या वर चढलं होतं. किचनच्या कपाटांचे साध्या कमर्शियल प्लायचे बॉक्स पापडासारखे सुटले, पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचे वाचले, पण चॅनल (ट्रॉली ज्यावर सरकते त्या लोखंडी पट्ट्या) आणि बिजागऱ्या गंजून गेल्या. सांगलीत तेव्हा मिस्त्री मिळणं मुश्कील. निम्म्या गावाची किचनं उघडी पडली होती. म्हणून काम स्वतःच काढलं, आणि त्या एका किचनवर तीन मशिनं वापरून झाली: माझं १८ चं ड्रिल, मित्राचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि नंतर वैतागून घेतलेलं १२ चं ड्रिल. पुढे लिहितोय ते तेवढ्या अनुभवावर.

इम्पॅक्टचं आधी उरकतो. गंजलेला स्क्रू काढायला त्याच्या तोडीचं काही नाही. स्क्रू अडला की आतला हातोडा फिरत्या दिशेनेच टकाटक ठोके घालतो, त्यामुळे मनगट पिळवटत नाही आणि बिट स्टार माथ्यातून उडत नाही. पेचकसाला दाद न देणारे स्क्रू त्याने दहा मिनिटांत ओट्यावर काढून टाकले. पण लावायची वेळ आली तेव्हा त्याला क्लच नाही, म्हणजे ठरावीक जोर लागला की फिरणं आपोआप थांबवणारी कडी नाही. बिजागरीचा १६ मिलिमीटरचा स्क्रू प्लायमध्ये कुठे थांबवायचा ते फक्त तुमच्या बोटाला कळायचं. माझ्या बोटाला चार भोकं सैल झाल्यावर कळलं. मग काडीपेटीच्या काड्या आणि फेविकॉल. शिवाय त्यात षटकोनी दांड्याचेच बिट बसतात, आणि बिजागरीची वाटी (दारात गोल खड्डा करून बसते तो भाग) बसवायचा माझा ३५ मिलिमीटरचा बिट गोल दांड्याचा. आवाजाचं तर बोलायलाच नको, शेजारच्या काकू दुपारी दोनदा येऊन गेल्या. एकच मशीन घ्यायचं असेल तर, माझ्या मते, हे नको. दुसरं म्हणून जरूर घ्या.

आता खरा प्रश्न. (२० व्होल्टचं लेबल बघून हुरळू नका. तेही १८ च, पाच सेलचं. ताज्या चार्जिंगला सेल ४ व्होल्ट दाखवतो, एरवी ३.६. तीन सेलवाल्या १२ आणि १०.८ चं गणितही तेच.)

३०० मिलिमीटरचा बॉक्स घ्या. मसाल्याच्या बाटल्यांची ट्रॉली असते तो. दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटरचा प्लाय, आत उरले २६४ मिलिमीटर, म्हणजे दहा इंच आणि वर थोडंसं. माझं १८ चं मशीन आठ इंच लांब, पुढे होल्डर (बिट धरणारी दांडी) आणि बिट मिळून अडीच, आणि स्क्रूची लांबी वेगळीच. सरळ बसणारच नाही. होल्डर काढून आखूड बिट थेट चकात, म्हणजे मशीनच्या जबड्यात, धरला तर चकाचं जाड तोंड चॅनलला घासतं. मग उरतं एकच, मशीन तिरकं धरायचं. तिरक्या मशीनने तिरका स्क्रू जातो, माथ्याची एक कड वर राहते, आणि ट्रॉली ओढली की आतली पट्टी त्या कडेवरून जाते. कर्रर्र. रोज सकाळी, चहाच्या वेळी. घरात कुणी काही बोललं नाही, पण चहा-साखरेचे डबे हळूहळू दुसऱ्या ट्रॉलीत गेले.

जाणकार म्हणतील, चॅनल हे बॉक्स जोडायच्या आधीच मारायचं असतं. बरोबर आहे. नवीन काम असेल तर मीही तसंच करेन. पण दुरुस्ती आहे त्या जागीच करावी लागते, आणि घरच्या सुतारकामात दुरुस्तीच जास्त निघते, निदान माझ्याकडे तरी. दोन महिन्यांनी एक मिस्त्री आले तेव्हा त्यांना ट्रॉली ओढून दाखवली. ते म्हणाले, "स्क्रू वाकडा न्हाई साहेब, तुमचं मशीनच जाग्यापेक्षा लांब हाय."

१२ चं मशीन साडेसहा इंचांचं निघालं. तोच होल्डर, तोच बिट, तरी इंचभराच्या वर जागा मोकळी. चॅनलचे पाचही स्क्रू काढून परत सरळ मारले, क्लच मधल्या आकड्यावर ठेवून, आणि ट्रॉली गप्प झाली. वरच्या कपाटांच्या बिजागऱ्या मारताना हात वर धरून राहावं लागतं, तिथे वजनातला फरक दुसऱ्या दारापासूनच खांद्याला कळतो.

१८ ला नावं ठेवायची नाहीत. जुन्या सागवानात ३५ ची वाटी खणताना १२ चं मशीन खालच्या गिअरवरही धापा टाकतं. बिट सारखा वर उचलून भुसा काढावा लागतो, बॅटरी गरम होते. पलंगाचे पाय, बाभळीचं लाकूड, १० मिलिमीटरच्या वरची भोकं असं काम रोज असेल तर १८ च घ्या, फक्त बिट अडकला की मनगट सांभाळा. "भिंतीला पण चालतंय की" या दुकानदारी वाक्यावर मात्र दोन्हींपैकी काही घेऊ नका. हॅमरवालं असलं तरी विटेत ठीक, स्लॅबच्या बीममध्ये नुसता आवाज. भिंतीसाठी वायरवालं जुनं मशीन विकू नका.

माझं १८ चं आता वर्षातून तीन-चारदा खाली उतरतं. १२ चं ओट्याच्या ड्रॉवरमध्येच असतं.

घ्यायला जाताना टेप आणि आपला होल्डर खिशात न्या. होल्डर-बिट लावून मागच्या टोकापर्यंत मोजा. खोक्यावरच्या लांबीत ते धरलेले नसतात. आणि दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या, एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही.